पैसे कोण देतो आणि कशाचे? : ऑनलाइन लिहिण्या-बोलण्यातून मिळणारं उत्पन्न

आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असणार. उभी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवलेल्या माणसानं यूट्यूबच्या कमाईवर बोलावं, म्हणजे जरा अतीच झालं. पण गेल्या वर्षभरात या मालेच्या श्रोत्यांनी आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न ना शंकराचार्यांविषयी होता, ना कांटविषयी. तो असा होता : ‘सर, मी लिहितो, व्हिडिओ करतो, लोकांना आवडतं, यातून घर चालेल का? नोकरी सोडू का?’ विचारणाऱ्यांत विशी-पंचविशीची मुलं आहेत, तशाच निवृत्त शिक्षिकाही आहेत. प्रश्न पोटाचा आहे म्हणून तो हलका ठरत नाही.

पैसे मिळतात का? मिळतात. मार्ग कोणते, हेही कुणी लपवून ठेवलेलं नाही. जाहिराती, प्रायोजक, दुकानदाराचं कमिशन, वाचकांची वर्गणी किंवा देणगी, आणि स्वतःचं काही विकणं. ही यादी तुम्हाला कुठेही मिळेल. यादीत जे लिहिलेलं नसतं ते आज बघायचं आहे. प्रत्येक मार्गात पैसे देणारा माणूस वेगळा असतो आणि तो वेगळ्याच गोष्टीचे पैसे देत असतो. पैसे देणारा बदलला की काम बदलतं. पहिल्या महिन्यात कळत नाही. वर्षा-दोन वर्षांनी मागे वळून पाहिलं की कळतं.

आधी एक संकोच दूर करू. विद्येचे पैसे घेणं कमीपणाचं, असं मानायची आपल्याकडे पद्धत आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाला तसं वाटत नव्हतं. ‘काव्यप्रकाशा’त काव्याची प्रयोजनं मोजताना त्यानं पहिलं यश सांगितलं आणि लगेच दुसरा अर्थ, म्हणजे सरळ पैसा. सगळ्यांत वरचं स्थान तो आनंदालाच देतो, हे खरं. पण पैशाचं नाव घ्यायला तो लाजला नाही. आणि आपल्या गावगाड्यात तर शब्दाचा मोबदला देण्याच्या किती तऱ्हा होत्या! कीर्तन संपलं की आरतीचं तबक फिरायचं, ज्याला जे वाटेल ते त्यानं टाकायचं. बुवांना बोलावणाऱ्या यजमानाची बिदागी वेगळी. तमाशात दौलतजादा व्हायची, पैसे देणाऱ्याचं नाव भर फडात पुकारलं जायचं, आणि ते पुकारलं जावं म्हणूनच पुष्कळ जण पैसे द्यायचे. यूट्यूबनं २०१७ साली सुपर चॅट आणलं. पैसे भरले की आपला संदेश रंगीत पट्टीत वर येतो आणि समोरचा आपलं नाव घेतो. ते पाहून आम्हाला दौलतजादाच आठवली.

या जुन्या तऱ्हांमध्ये एक गोष्ट समान होती. पैसे देणारा आणि ऐकणारा एकाच मांडवात बसलेले असायचे. जाहिरात हा प्रकार इथेच वेगळा पडतो, म्हणून त्याच्यावर थोडा जास्त वेळ घालवू.

छापील जमान्यात जाहिरात होतीच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपली दिवाळी अंकांची परंपरा चालू आहे, आणि ती जाहिरातींच्या खांद्यावर चालत आली आहे. तिथे संपादक आणि जाहिरातदार एकमेकांना ओळखत. साबणाचा कारखानदार अंकाच्या नावाकडे पाहून पान घेई. आतली कथा कोणती, हे त्याला ठाऊकही नसे. गूगलनं २००३ साली ॲडसेन्स सुरू केलं आणि ही ओळखच संपवली. आता तुम्ही एखादं पान उघडता तेव्हा ते समोर यायच्या आत, सेकंदाच्या काही अंशात, एक लिलाव होऊन जातो. पान कशाविषयी आहे, वाचणारा कुठे बसला आहे, त्यानं आधी काय काय शोधलं होतं, यावरून यंत्रं बोली लावतात. जो जिंकतो त्याची जाहिरात तुम्हाला दिसते. लिहिणाऱ्याला आलेल्या रकमेतले साधारण ६८ टक्के मिळतात. पूर्वी मुख्यतः क्लिकवर पैसे मिळत, २०२४ पासून जाहिरात दिसण्यावर मिळतात. यूट्यूबवर नेहमीच्या व्हिडिओला ५५ टक्के आणि शॉर्ट्सना ४५ टक्के. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळण्यासाठी १००० सदस्य हवेत आणि त्यासोबत वर्षभरात ४००० तास पाहणं किंवा शॉर्ट्सची मोठी संख्या. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. आणि गंमत पहा, एवढ्या सगळ्या यंत्रणेत तुमचा पत्ता खरा आहे का, हे तपासायला गूगल साध्या टपालानं पिन पाठवतं. म्हणजे शेवटी भरवसा पोस्टमनवरच!

लिलाव म्हटलं की प्रश्न येतो, माल कोणता? लेख नव्हे. लेख तर वाचकाला फुकट दिलेला आहे. विकलं जातं ते वाचकाचं लक्ष. १९७३ साली रिचर्ड सेरा आणि कार्लोटा फे स्कूलमन यांनी एक छोटी व्हिडिओ कलाकृती केली होती. तिचं नाव ‘टेलिव्हिजन डिलिव्हर्स पीपल’, म्हणजे दूरचित्रवाणी माणसं पोचती करते. जाहिरातदाराच्या दारात पोचती करते, हा अर्थ. कॅनडाच्या डॅलस स्माइद या अर्थशास्त्रज्ञानं १९७७ साली हाच विचार सविस्तर मांडला, की माध्यमांचा खरा माल म्हणजे प्रेक्षक. त्याच्याही आधी, १९७१ साली, हर्बर्ट सायमननं सांगून ठेवलं होतं की माहिती उदंड झाली की टंचाई लक्षाची होते. टंचाई ज्याची, भाव त्याला.

आता मराठीचं बघा. गूगलच्या जाहिरात यंत्रणेत हिंदी आली २०१४ च्या डिसेंबरात आणि मराठी आली २०१८ मध्ये. तोवर मराठीत पान लिहून जाहिरात मिळवण्याचा सरळ रस्ताच नव्हता. मराठी माणसं ऑनलाइन लिहीत होती ती हौसेनं. त्या काळातलं लिखाण आम्ही पुष्कळ वाचलं आहे आणि त्यात एक निवांतपणा होता. अर्थात निवांतपणानं वीजबिल भरता येत नाही, हेही तितकंच खरं.

आकडेमोड केल्याशिवाय हे नीट उमगणार नाही, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, निफाडकडचा एक द्राक्ष बागायतदार मुलगा आहे. शेतीची पदवी घेतलेला, स्वतःची बाग असलेला. गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की डावणी कधी येते, कोणत्या अवस्थेत फवारणी करावी आणि कोणत्या अवस्थेत ती वाया जाते, हे तो मोबाइलवर दहा मिनिटांत सांगतो. उत्तम सांगतो. पावसानंतरच्या दोन दिवसांत वीस हजार लोक तो व्हिडिओ पाहतात. हजार वेळा पाहण्यामागे त्याच्या हातात तीस रुपये पडतात असं धरू. आकडा आम्ही सोयीसाठी घेतला आहे; प्रत्यक्षात तो विषयाप्रमाणे, ऋतूप्रमाणे बदलतो. दिवाळीत चढतो, जानेवारीत उतरतो. तर वीस हजारांचे झाले सहाशे रुपये.

सहाशे रुपये! आणि त्या वीस हजारांपैकी एकेका बागायतदाराची एक फवारणी वाचली, तर त्याचे औषध, डिझेल, मजुरी मिळून हजारोंनी वाचतात. एखाद्याची आख्खी बाग वाचते. म्हणजे ज्ञानाची ऐकणाऱ्याला असलेली किंमत आणि जाहिरातदाराला असलेली किंमत, या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. कमी-जास्त असं नव्हे, संबंधच नाही. आयुर्विम्याविषयी चार उथळ वाक्यं बोलणाऱ्याला यापेक्षा चांगला दर मिळेल, कारण विमा कंपन्या मोठी बोली लावतात. तोच मराठी व्हिडिओ निफाडऐवजी न्यू जर्सीत पाहिला गेला तर पैसे बरेच जास्त, कारण तिथल्या माणसाच्या लक्षाला भाव जास्त. द्राक्षाची बाग न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींकडे नाही, हा भाग वेगळा.

पुढे काय होतं ते पाहा. महिना तीस हजार रुपये हवे असतील तर याच दरानं दहा लाख वेळा पाहिलं जायला हवं. द्राक्ष बागायतदार तेवढे आणायचे कुठून? मग मुलगा हळूहळू विषय रुंद करतो. आधी डाळिंब, कांदा, मग बाजारभाव, मग ‘या औषधानं बाग जळाली!’ असा लाल अक्षरांतला मथळा. मग शेतकरी आंदोलनावरची गरमागरम मतं. प्रत्येक पाऊल समजण्यासारखं आहे. त्यानं लबाडी कुठेच केलेली नाही. पण ज्या एका विषयात त्याचा अधिकार होता तो विषय मागे पडला आणि ज्या विषयांत तो चारचौघांसारखाच आहे तिथे तो जाऊन पोचला. जाहिरातीचा पैसा माणसाला त्याच्या अधिकाराच्या जागेवरून गर्दीच्या जागेकडे ओढतो. आमचा या मार्गावरचा मुख्य आक्षेप हा आहे. पैसे कमी मिळतात, हा आक्षेप दुय्यम.

आता प्रायोजक. समजा, एक कीटकनाशक कंपनी त्याला म्हणते, आमच्या औषधावर एक व्हिडिओ करा, पंचवीस हजार देतो. सहाशेच्या चाळीसपट. इथे पैसे देणारा लिलावातलं यंत्र नाही, समोर बसलेला माणूस आहे, आणि तो लक्षाचे नव्हे तर विश्वासाचे पैसे देतो. पाच वर्षं खरं बोलून मुलानं जो विश्वास मिळवला, तो त्याला भाड्यानं हवा आहे.

कायदा याबाबत आता बराच स्पष्ट आहे. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेची इन्फ्लुएन्सरांसाठीची नियमावली २०२१ च्या जूनपासून लागू झाली. पैसे, वस्तू किंवा कोणताही लाभ घेतला असेल तर तसं ठळकपणे सांगायला हवं. ही संस्था जाहिरात क्षेत्रानं स्वतःच उभी केलेली. सरकारी बाजूनं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२३ च्या जानेवारीत शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तिका काढली. तीत एक चांगली अट आहे, की ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत खुलासा करायचा. म्हणजे मराठीतल्या व्हिडिओखाली बारीक इंग्रजी शब्द टाकून सुटका नाही. मराठीत सांगा, की बाबांनो, ही जाहिरात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणारी शिफारस करणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, आणि वर्षभर शिफारस करायला बंदीही.

खुलासा हवाच. पण तो पुरेसा आहे, असं आम्हाला वाटत नाही. पुढच्या हंगामात पाऊस झाला नाही आणि फवारणीची मुळी गरजच उरली नाही, तर ‘यंदा काही फवारू नका, पैसे वाचवा’ असं हा मुलगा तेवढ्याच मोकळेपणानं सांगेल का? बहुधा सांगणार नाही. खोटं बोलणार नाही, फक्त त्या आठवड्यात दुसऱ्या विषयावर बोलेल. पक्षपात बोलण्यात असला तर त्याला लेबल लावता येतं. न बोलण्याला लेबल कुठे लावणार?

दुकानदाराच्या कमिशनचं थोडक्यात सांगतो. ॲमेझॉननं हा प्रकार १९९६ साली सुरू केला. तुमच्या दुव्यावरून कुणी पुस्तक, मिक्सर, कॅमेरा घेतला की तुम्हाला टक्केवारी. यात निदान एक बरं आहे, की वाचकाला ती वस्तू खरोखर हवी होती. पण दर दुकानदाराच्या हातात. २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या ऐन धामधुमीत, अमेरिकेत ॲमेझॉननं फर्निचरचा दर ८ टक्क्यांवरून ३ वर आणला आणि किराण्याचा ५ वरून १ वर. ज्यांचं घर त्यावर चालत होतं त्यांचं उत्पन्न एका पत्रानं अर्ध्याच्या खाली आलं. शिवाय ‘हे घेऊ नका’ या सल्ल्याला या मार्गात कमिशन नसतं.

उरतो वाचक. त्यानंच पैसे दिले तर?

इथे आम्हाला आमच्या विषयात दोन मिनिटं शिरू द्या. अथेन्समध्ये पैसे घेऊन शिकवणाऱ्यांना सोफिस्ट म्हणत, आणि प्लेटोनं त्यांची यथेच्छ टर उडवली. सॉक्रेटिस पैसे घेत नसे. पण प्लेटोच्याच ‘प्रोटॅगोरस’ या संवादात एक नोंद आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. प्रोटॅगोरसची पद्धत अशी होती : शिक्षण पूर्ण झालं की शिष्यानं ठरलेली फी द्यावी, ती जास्त वाटली तर देवळात जाऊन शपथेवर सांगावं की या शिक्षणाची किंमत मला एवढी वाटते, आणि तेवढीच द्यावी. ॲरिस्टॉटलही ‘निकोमॅकियन एथिक्स’च्या नवव्या भागात या पद्धतीची दखल घेतो आणि खवचटपणे सुचवतो, की बाकीचे सोफिस्ट पैसे आधीच वाजवून घेत, कारण त्यांना जे येत होतं ते पाहिल्यावर कुणी दमडी दिली नसती. आधी द्या आणि पटेल तेवढं द्या, पैसा मागायच्या या दोन्ही तऱ्हा किती जुन्या आहेत पाहा.

आधुनिक काळात जेसन कॉटकी या अमेरिकन लेखकानं २००५ साली नोकरी सोडली आणि वाचकांना आवाहन केलं, की वर्षभर मला पोसा. १४५० वाचकांनी मिळून ३९,९०० डॉलर दिले. लोक उदार होते, पण पहिल्या आवाहनाचा उत्साह दर वर्षी टिकेल असा त्याला भरवसा वाटला नाही. वर्षानंतर त्यानं तो प्रयोग थांबवला आणि पुढे काही वर्षं जाहिरातींवर काढली. सदस्यत्वाकडे तो वळला २०१६ मध्ये. मधल्या दहा वर्षांत बदललं काय? पैसे देण्याची यंत्रणा. दर महिन्याला आपोआप थोडे पैसे जाणं सोपं झालं. २०१३ साली जॅक कॉन्टे या संगीतकारानं पेट्रिऑन सुरू केलं ते यूट्यूबच्या जाहिरातींच्या कमाईला वैतागूनच. २०१७ मध्ये सबस्टॅक आलं; ते वर्गणीतले १० टक्के ठेवून घेतं.

केव्हिन केलीचा २००८ सालचा ‘एक हजार खरे चाहते’ हा निबंध या मंडळींचा आधार. त्याचं गणित सोपं आहे. हजार माणसांनी वर्षाला शंभर डॉलर दिले की एक लाख डॉलर होतात, एका माणसाला पुरेसे. आपल्याकडे शंभर डॉलर कुणी देणार नाही. हजार माणसांनी वर्षाला पाचशे रुपये दिले तर पाच लाख. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला बरे, पुण्यात भाड्यानं राहणाऱ्याला ओढाताणीचे. आणि हजार ‘खरे’ चाहते म्हणजे वाहवा करणारे हजार नव्हेत. फुकट वाचणाऱ्यांतले फार थोडे खिशात हात घालतात.

वाचकाचा पैसा सगळ्यांत निर्मळ, असं मात्र समजू नका. अँड्र्यू सुलिव्हन या पत्रकारानं २०१३ साली ‘द डिश’ जाहिरातींविना, वर्षाला १९.९९ डॉलर वर्गणीवर चालवायला घेतलं. तीस हजारांहून जास्त वर्गणीदार झाले, पहिल्या वर्षी दहा लाख डॉलरच्या आसपास जमले. यश म्हणजे याहून काय असतं? आणि २०१५ च्या आरंभी त्यानं ते बंद केलं, कारण रोजच्या लिखाणाच्या रगाड्यानं तब्येत आणि मन दोन्ही थकलं होतं. वर्गणीदार हा मालक असतो. प्रेमळ मालक, पण मालकच. त्याला रोज काहीतरी हवं असतं, आणि त्याला जे पटतं तेच पुन्हा पुन्हा हवं असतं. त्याला न पटणारं लिहिताना हात आखडतो.

आपल्याकडची बलुत्याची पद्धत इथे आठवते. सुताराला दर नांगरामागे पैसे नसत. सुगीला ठरलेलं धान्य मिळे, कारण तो गावात असण्याचीच गावाला गरज होती. वर्गणी याच धाटणीची. पण बलुत्याचं गोडवं गाणाऱ्यांत आम्ही नाही. ती पद्धत जातीशी जखडलेली होती, काम सोडायची मुभा नव्हती, आणि सगळ्यांत कष्टाचं काम करणाऱ्यांच्या पदरात धान्यापेक्षा अपमान जास्त पडायचा. दया पवारांच्या आत्मकथनाचं नाव ‘बलुतं’ आहे, ते उगाच नाही. सोडून जाता येणं ही वर्गणीतली मोठी गोष्ट आहे, देणाऱ्यालाही आणि लिहिणाऱ्यालाही.

निफाडच्या मुलाकडे परत येऊ. त्यानं काय करावं? पाचशे बागायतदारांनी हंगामाला हजार रुपये दिले तर पाच लाख होतात, आणि हजार रुपये एका फवारणीपेक्षा स्वस्त आहेत. मग व्हिडिओ कुलूपबंद करायचे का? इथे आम्हाला अडतं. दोन एकरवाल्याला हजार रुपये जड आहेत, आणि डावणी त्याच्या बागेतून शेजारच्या बागेत जाणारच. ज्ञानाची जात अशी, की दिल्यानं ते कमी होत नाही. त्याला कुंपण घालायचं तर ते मुद्दाम, खटपटीनं घालावं लागतं. पण त्या मुलाचा वेळ मात्र दिल्यानं संपतो. तेव्हा व्हिडिओ सगळ्यांना खुले ठेवावेत आणि पैसे घ्यावेत ते वेळेचे. ‘माझ्या पानाचा फोटो पाठवतो, बघून सांग’ याचे, बागेत प्रत्यक्ष येण्याचे, हंगामभर फोन उचलण्याचे. न कमी होणारी गोष्ट वाटावी, कमी होणारी विकावी. गणिताच्या शिक्षिकेनं धडे खुले ठेवून शंकासमाधानाचे वर्ग घ्यावेत, मोडी लिपी शिकवणाऱ्यानं पाठ खुले ठेवून जुने दस्त वाचून देण्याचं काम घ्यावं. यात पैसे देणारा आणि शिकणारा बहुतेक वेळा एकच राहतो, आणि विषय रुंद करायची गरज पडत नाही. उलट जितका अरुंद तितका बरा.

स्वतःचे पाठ्यक्रम विकण्याबद्दल एवढंच म्हणू की पाठ्यक्रम चांगला असेल तर जरूर विकावा. फक्त ‘ऑनलाइन कमाई कशी करावी’ हा पाठ्यक्रम विकत घेण्याआधी विकणाऱ्याला एक विचारा : तुमची स्वतःची कमाई हा पाठ्यक्रम विकण्याखेरीज आणखी कशातून होते?

‘नोकरी सोडू का?’ याचं उत्तर अजून दिलेलं नाही. २९ जून २०२० च्या संध्याकाळी केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींनी तिथे लाखांनी अनुयायी जमवले होते. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. त्या मुलांपुरतं पाहिलं तर वर्षांची मेहनत एका संध्याकाळी नाहीशी झाली, आणि ज्यांनी आपल्याला पाहिलं त्या लाखो माणसांपर्यंत पुन्हा पोचायचा एकही पत्ता त्यांच्या हातात नव्हता. दुसरं, शोधयंत्रं आता प्रश्नाचं उत्तर स्वतःच तयार करून वरच दाखवतात. गूगलनं भारतात ते २०२४ च्या ऑगस्टपासून सुरू केलं. पाककृती, सरकारी योजनांची माहिती, सणांच्या तिथी असल्या पानांवर माणूस येतच नाही, मग जाहिरात कुणाला दाखवणार? म्हणून ज्यांचा सगळा भार जाहिरातींवर आहे त्यांना आमचं सांगणं, नोकरी सोडू नका. ज्यांना वाचक स्वतः पैसे देतात, आणि सलग बारा महिने घरखर्चाइतके देतात, ज्यांच्याकडे त्या वाचकांचे फोन किंवा ईमेल त्यांच्याच संमतीनं जमवलेले आहेत, त्यांनी विचार करायला हरकत नाही.

एका श्रोत्यानं विचारलं आहे, कवितेचं काय? कवितेवर कुठलीही विमा कंपनी बोली लावत नाही. केशवसुत शाळामास्तर होते, मर्ढेकर आकाशवाणीत होते, नारायण सुर्वे आधी शाळेत शिपाई होते आणि मग शिक्षक झाले. त्यांच्या कवितेचा प्रायोजक त्यांचा पगार होता आणि त्यानं त्यांना एकही ओळ बदलायला सांगितली नाही. कवींनी नोकरी सांभाळावी.

करांविषयी तीन प्रश्न आले आहेत, ते भरभर घेतो. परदेशातून आलेला पैसा इथे करपात्र आहे, ‘डॉलरमध्ये आला’ ही सबब चालत नाही. अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या यूट्यूबच्या कमाईतून गूगल २०२१ पासून तिथला कर कापतं. आपली करविषयक माहिती त्यांच्या अर्जात भरली तर भारत-अमेरिका करारामुळे तो १५ टक्के राहतो, न भरली तर कापणी जास्त होते आणि ती सगळ्याच कमाईवर होऊ शकते. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी आली. आणि कंपनीनं ‘फुकट’ दिलेला फोन तुम्ही ठेवून घेतला, तर जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांवरच्या अशा लाभावर १० टक्के उद्गम करकपात आहे, म्हणजे तो फोन आयकर खात्याच्या लेखी उत्पन्नच. यापुढचं चार्टर्ड अकाउंटंटला विचारा, तो त्याच्या वेळेचे पैसे घेईल. उरलेले प्रश्न लेखी पाठवा.